घोंगडीतले इंग्रजी

घोंगडीशिवाय इंग्रजी शिकवताच येत नाही, असे मानणारा उभ्या महाराष्ट्रातील एकमेव शिक्षक आमच्या माधवनगरच्या शाळेत, माझ्या शेजारच्या वर्गावर आहे. हे माझे सहकारी मूळचे म्हसवडकडचे. येताना त्यांनी गावाकडची काळी घोंगडी आणली आणि वर्गाच्या कोपऱ्यात दोरीवर टाकून तिचा तंबू केला. आत शाळेचा टॅबलेट. मुलाने एकट्याने आत जायचे आणि त्यातल्या अ‍ॅपशी इंग्रजीत बोलायचे. चुकले की अ‍ॅप पुन्हा प्रयत्न करायला सांगते. "आवं सर, पोरांस्नी इंग्रजी येतंय, पण लाज आडवी येती. मशीन हसत न्हाई, आन् घोंगडी कुणाला सांगत न्हाई." टॅबलेटची बॅटरी उतरली की "दमलं बिचारं" म्हणत ते साऱ्या वर्गाला कुजबुजायला लावतात. भर उन्हाळ्यातही मुले घोंगडीतून घामाघूम, पण खुललेल्या चेहऱ्याने बाहेर येतात.

एके दिवशी आठवीतली एक अबोल मुलगी प्रथमच घोंगडीबाहेर, सर्वांसमोर, आपल्या म्हशीविषयी इंग्रजीत बोलायला उभी राहिली. मध्येच अडखळली, आणि दारात उभा असलेला मी हसलो. ती मुकाट्याने घोंगडीत गेली. त्यानंतर बाहेर एक शब्द बोलेना. "मशीनची खातरी मी दिलीवती, सर," सहकारी म्हणाले, "माणसांची आता कोण देणार?"

कौतुकानेच हसलो, असे मी स्वतःला समजावीत राहिलो. पण आत असे काय आहे, हे कुतूहल स्वस्थ बसू देईना. मधल्या सुट्टीत मी घोंगडीत शिरलो. लोकरीचा उग्र वास, अंधार, आणि टॅबलेटचा साधा प्रश्न: सकाळी काय खाल्ले? उभी हयात इंग्रजी शिकवलेल्या मला एक सरळ वाक्य जुळवता येईना. मी वर्गात इंग्रजी वाचून दाखवीत आलो होतो. बोललो कधीच नव्हतो. हसू कौतुकाचे नव्हते, हे तिथे कळले.

सुट्टी संपताच मी त्या वर्गासमोर उभा राहिलो आणि त्या मुलीची इंग्रजीत क्षमा मागू लागलो. दुसऱ्याच वाक्याला अडलो. कोणी हसले नाही. सहकारी उगाचच घोंगडीचे टोक सारखे करीत राहिले. मग मागच्या बाकावरून, अगदी त्या अ‍ॅपच्या गंभीर सुरात, ती म्हणाली, "ट्राय अगेन, सर."

मी पुन्हा सुरुवात केली. पण शब्द आले ते मराठीतच. "मी हसलो, बाळ. माझं चुकलं."