धुतलेला दोर

नोकरीतले खून, दरोडे आता एकमेकांत मिसळून पुसट झालेत. पण एक पांढरा दोर अजून डोळ्यांपुढे तसाच लोंबतो.

तेव्हा मी धारूरच्या डोंगरपट्ट्यातल्या एका ठाण्याचा प्रभारी होतो. श्रावण सरत आला होता. धुकं लवकर हटत नसे, आणि हजेरीला उभे असलेले शिपाईसुद्धा अर्धवट स्वप्नातले वाटत. अशा एका सकाळी साखर कारखान्याचा माणूस तक्रार घेऊन आला, बचाव पथकाचा दोर चोरीला गेला म्हणून. ठाणे अंमलदार हसला. मलाही हसू आलं.

कारखान्यात त्या वेळी कामगारांचं प्रशिक्षण चालू होतं. मळीची टाकी साफ करायला उतरलेला माणूस आतल्या वायूने बेशुद्ध पडतो, त्याला वाचवायला दुसरा उतरतो आणि तोही जातो. म्हणून माणसाला वरूनच दोराने कसं काढायचं, ते शिकवत होते.

आम्ही पोचलो तर दोर सापडलेला. स्टोअरमध्ये, पिशवीत, जागच्या जागी.

"वस्तू मिळाली, केस मिटवा," मॅनेजर म्हणाले. "उद्या टाकी उघडायची आहे."

बाहेरगावाहून आलेला प्रशिक्षक मात्र दोर नाकाशी धरून उभा होता. शांत, पण हट्टी माणूस. "साहेब, याला धुण्याच्या पावडरचा वास येतोय. हा कुठे होता, यानं काय उचललं, ते कळल्याशिवाय मी यावर माणूस सोडणार नाही."

चोरी कुणी केली, हा प्रश्न माझ्या सवयीचा. चोरीचा माल कुठे हिंडून आला, हा नवाच. परतताना जीपमध्ये डुलकी लागली, तर तो दोर ओढ्याकाठाने, ज्वारीच्या पिकातून सावकाश सरपटत चाललेला दिसला. डोळे उघडले तरी काही वेळ तो दिसतच राहिला.

संध्याकाळी एका चहावाल्याने माझ्या शिपायाच्या कानावर घातलं, की पथकातल्याच कुणाच्या तरी अंगणात पांढरा दोर वाळत होता. गोष्ट ऐकीव होती; कुणाच्या, ते त्याला सांगता येईना. मी पथकातल्या सगळ्यांचे जबाब घेतले. सगळ्यांचं उत्तर एकच, "न्हाई साहेब, ठाऊक न्हाई. दोर तर चांगला हाय."

दुसऱ्या दिवशी मी सगळ्यांना टाकीच्या तोंडाशी नेलं आणि म्हणालो, "दोर चांगला आहे म्हणता ना? मग मीच उतरतो." माझं पोट बघून प्रशिक्षकही गांगरला. खरं तर मी उतरणार नव्हतोच. मलाही बायकापोरं होती. पण पट्टा कमरेला आवळला आणि दोर ताणला.

पथकातला एक फिटर पुढे आला आणि त्याने दोर घट्ट धरला. 

"साहेब, तुमी नका उतरू."

"का?"

"आमचा बैल हिरीत पडलता. ह्याच दोरानं वर काढला. कडंच्या दगडावर लई घासलाय ह्यो. नोकरी जाईल म्हून धुऊन ठिवला." त्याने खाली पाहिलं. "तवापासून झोप न्हाई. कोन उतरंल ह्याच्यावर, त्येच डोळ्यांम्होरं येतंय."

प्रशिक्षकाने एवढंच विचारलं, "बैल बांधला कसा?" फिटरने गाठ मारून दाखवली. प्रशिक्षकाने ती ओढून पाहिली. मग म्हणाला, "गाठ बरोबर आहे. दोर गेला." त्याने चाकूने दोर कापला. वरून दुधासारखा पांढरा, आत धागे तुटून पिंजलेले.  नवा दोर येईपर्यंत टाकी बंद राहिली. तक्रार मागे घेतली गेली, फिटरला ताकीद मिळाली, नोकरी राहिली.

पोळ्याला ठाण्यासमोरून बैल चालले होते. शिंगांना बेगड, पाठीवर झुली, घंटांचा आवाज धुक्यातून येत होता. एका थोराड बैलाचा कासरा पांढराशुभ्र होता, त्याच दोराचा तुकडा. फिटरने मला रामराम केला. मला फार बरं वाटलं.

धाकाने माणूस खोटं बोलतो, हे मला ठाऊक होतं. पण आपल्या खोट्यावर दुसऱ्याचा जीव लटकलेला दिसला, की काहींचा हात आपोआप पुढे येतो, हे मी त्या टाकीच्या तोंडाशी शिकलो. पुढे जबाब घेताना मी समोरच्याच्या तोंडाआधी हातांकडे बघू लागलो. पुष्कळदा ते मांडीवरून हललेही नाहीत.