ताश्कोच्या बाजारात अण्णांची कानस

मेक्सिकोला गेलो ते मुलाकडे महिनाभर राहायला. ताश्कोचं नाव काढलं ते सोबत आलेल्या माझ्या व्याह्यांनी, अण्णांनी. अण्णा कोल्हापूरजवळच्या हुपरीचे, तीन पिढ्या चांदीच्या पैंजणांचा धंदा. त्यांच्या मुलाला कड्या वळवून, डाख देऊन त्या सांधून साखळी पुरी करणारं मशीन आणायचं होतं. ते आलं की हुपरीत घरोघरी बायका करतात ते जोडकाम बंद. अण्णांनी त्याला सांगितलं होतं, "मेक्सिकोत चांदीचं गाव हाय म्हणं. ते बघून येतो, मग बोलू." साल २००७.

मेक्सिको सिटीच्या दक्षिणेकडच्या स्टँडवरून बस सुटते. शनिवारी जा, त्या दिवशी चांदीचा बाजार भरतो. तिकीट तेव्हा आपल्या हिशेबाने जेमतेम चारशे रुपये, वेळ तीन तास. सोबत माझी सून, म्हणजे अण्णांची मुलगी सुजाता, कारण स्पॅनिश तिलाच येतं. बस आरामाची, पण घाट उतरताना आंबोलीची आठवण होते. अण्णांनी डबा मांडीवर घट्ट धरला होता. बटाटा, कांदा चालत नाही, सूर्य मावळल्यावर जेवण नाही.

"पावणं, तुम्हीबी जैनच की. रात्री नऊला ताटावर बसताय," ते म्हणाले.

"मी कोल्हापुरात राहतो, अण्णा."

"म्हणून माफ हाय व्हय?"

शाकाहारी लोकांनी लक्षात ठेवावं: तिथल्या घेवड्याच्या उसळीत बऱ्याचदा डुकराची चरबी असते. विचारूनच घ्या. मक्याच्या गरम पोळ्या आणि अवोकॅडो यांवर दिवस निघतो.

ताश्को डोंगराच्या अंगावर बसलंय. पांढरी घरं, लाल कौलं, स्पॅनिश राजवटीतलं गुलाबी दगडाचं चर्च. गल्ल्या इतक्या चढाच्या की जुन्या पांढऱ्या बीटल टॅक्सीच तिथं टिकाव धरतात. चालणार असाल तर चपला घालू नका.

बाजारात रामोन नावाचा कारागीर दुकानातच काम करत बसला होता. अण्णांनी एक कडं उचललं आणि सवयीने त्याच्याच बाकावरची कानस घेऊन कडेला घासलं. आमच्याकडे घासून पाहिल्याशिवाय कुणी चांदी घेत नाही, देणाऱ्यालाही त्यात वावगं वाटत नाही. रामोन ताडकन उठला.

"तो विचारतोय, आतला शिक्का दिसला नाही का," सुजाता दबक्या आवाजात म्हणाली. "चांदी किती शुद्ध त्याचा आकडा आहे, शेजारी त्याच्या नावाची अक्षरं आहेत. म्हणतो, माझ्या नावावर कानस चालवलीत."

अण्णांचा चेहरा उतरला. त्यांनी खिशातून नमुन्याचा पैंजण काढून बाकावर ठेवला, वर कानस ठेवली. "त्याला म्हण, आता तू माझं घास. फिटलं."

रामोनने कानस बाजूला सारली. भिंग लावून तो एकेक कडी बघत राहिला. मग काहीतरी विचारलं.

"विचारतोय, हे जोड कुणी केले? डाख कुठं दिसतच नाही. आणि नाव का नाही घातलं?"

"नाव कुणाचं घालू? तार एका घरात, कड्या दुसऱ्या, घुंगरू तिसऱ्या." अण्णा थांबले. "जोड शांताक्काचं."

रामोनने ते नाव दोनदा म्हणून पाहिलं. कड्याचे पैसे अण्णांनी घासाघीस न करता दिले. ऊन असतानाच परतीच्या बसमध्ये डबा उघडला, पण ते दोनच घास जेवले.

परत आल्यावर महिन्याभरात हुपरीला गेलो. अण्णा मला शांताक्काकडे घेऊन गेले. ती दारात डाख द्यायची फुंकणी घेऊन बसली होती. तिकडच्या कारागिराने काय म्हटलं ते अण्णांनी सगळं सांगितलं.

"व्हय?" मान वर न करता ती म्हणाली. "मग ह्ये तुमच्या पोराला सांगा की. मला सांगून काय?"

मशीन पुढच्या वर्षी आलं. साध्या साखळ्या त्यावर होतात. पैंजण अजून शांताक्काच्या गल्लीत जोडायला जातात, आणि कोणता कुणी जोडला ते अण्णा मुलाला विचारतात. त्याला नाव सांगावं लागतं.