निरुपमाकाकूंच्या नावाने

मृदुला नेमकं काय काम करते, हे तिच्या सासूबाईंना, वसुंधराबाईंना, कधीच नीट सांगता आलं नाही. "गाडीतली बटणं कुठे असावीत ते ठरवते," असं त्या कारेलीबागेतल्या बायकांना सांगत, आणि ते फारसं चूकही नव्हतं. सयाजीगंजातल्या एका कंपनीत ती मोटारींचे डॅशबोर्ड आखायची. वेग कुठे दिसावा, एसीचं बटण केवढं असावं, रस्त्यावरची नजर कमीत कमी कशी हलावी, याचा दिवसभर काथ्याकूट. वापरणाऱ्याला विचार करावा लागला की आपलं काम फसलं, असं ती म्हणे. खोड इतकी मुरली होती की लोकांच्या घरी गेली तरी तिथल्या पंख्याचं बटण दारापासून लांब का, म्हणून तिचा जीव तळमळायचा.

तिचं हक्काचं गिऱ्हाईक म्हणजे समोरच्या ब्लॉकमधले पद्माकरकाका, रिफायनरीतून निवृत्त झालेले. पुठ्ठ्यावर चिकटवलेले कागदी डॅशबोर्ड घेऊन ती त्यांच्याकडे जायची. काका स्वयंपाकघरातल्या खुर्चीवर बसून, स्टीलचं ताट दोन्ही हातांत धरून, गंभीर चेहऱ्याने गाडी चालवायचे, आणि निरुपमाकाकू ओट्याकडून "जरा ब्रेक मारा, कणीक आडवी आलीय" म्हणून त्यांना चिडवायच्या. काका-काकूंना मूलबाळ नव्हतं. मृदुलाला तिथे चहा मागावा लागत नसे, तो आपोआप समोर यायचा. गाडी बंद केली की पडद्यावर "पुन्हा भेटू" असं उमटावं, ही तिची कल्पना काकांना फार आवडली होती. "सरस. आपल्याला फावलं," हा त्यांचा गुजराती वळणाचा शेरा, म्हणजे एकदम पसंत.

त्या शेऱ्यानेच ती हुरळली असावी. भागातल्या मराठी मंडळाला तिने फुकटात एक ॲप करून दिलं. बारसं, मुंज, हळदीकुंकू, निधन, सगळ्या बातम्या एका जागी. म्हाताऱ्या माणसांनाही जमेल इतकं सोपं. प्रत्येक बातमी बंद करताना खाली एक ओळ यायची, "पुन्हा या हं!", आणि त्या ओळीखाली बातमी टाकणाऱ्याचं नाव. म्हणजे यंत्र बोलतंय असं वाटू नये, घरचं माणूस दारापर्यंत सोडायला आलंय असं वाटावं. ओळ ॲप आपणहून घालतं हे तिने कोणाला सांगितलं नाही, त्यामुळे ती टाकणाऱ्यानेच लिहिली असं सगळे समजत. बायका खूश झाल्या. मंडळाने शाल दिली, नारळ दिला. निधनाच्या बातमीचं पानही त्याच साच्यातून काढलेलं होतं, हे तिच्या लक्षात आलं नाही.

आता, दुःखाच्या घरून निघताना आपल्यात कोणी "येतो" म्हणत नाही आणि घरचं माणूसही "या" म्हणत नाही. मुकाट्याने चपला घालायच्या आणि निघायचं. हे कोणी शिकवावं लागत नाही. मृदुलाही जन्मभर तशीच निघत आली होती. पण कामाला बसली की शहाणी बाई घरचं सगळं विसरते, त्याला काय करायचं?

भर उन्हाळ्यात काका गेले, सकाळचा चहा पिता पिता. ॲपवरची ती पहिलीच निधनाची बातमी काकूंनी स्वतःच टाकली. फोटो निवडला, नाव लिहिलं, बटण दाबलं. स्मशानात गर्दी झाली. पण दुसऱ्या दिवसापासून घर ओस पडलं. मृदुला पिठलं-भाताचा डबा घेऊन जायची तेव्हा सतरंजीवर काकू एकट्याच. दार उघडं टाकून बसलेल्या, जिन्यात पावलं वाजली की मान वर करणाऱ्या. ऊन फार आहे, संध्याकाळी येतील लोक, असं मृदुलाच त्यांना समजावायची.

मग एका संध्याकाळी वसुंधराबाईंनी फोन तिच्यासमोर धरला. काकांचा हार घातलेला फोटो, आणि खाली "पुन्हा या हं! – निरुपमा".

"नवऱ्याचे दिवससुद्धा झाले नाहीत आणि हिला हे सुचतं?" त्या म्हणाल्या. "मंडळातल्या चिमणाबाई म्हणत होत्या, मयताच्या घरी पुन्हा बोलावणं म्हणजे दुसरं मरण मागणं. कोण जाणार तिथे?"

मृदुलाने आपली ओळ लगेच ओळखली. ती ओळ बातमी टाकणाऱ्याला स्वतःला दिसत नसे, म्हणजे काकूंना यातलं काहीच ठाऊक नव्हतं. आई, हे माझं काम आहे, एवढंच बोलायचं होतं. ती म्हणाली, "असेल काहीतरी." आणि आतल्या खोलीत जाऊन तिने लॅपटॉप उघडला नि ओळ काढून टाकली. चुटकीसरशी काम झालं. आता कोणाला कळणारही नाही, असं वाटून तिला क्षणभर बरं वाटलं, आणि त्या बरं वाटण्याची तिला पुढे सगळ्यात जास्त शरम वाटली.

कारण दुसऱ्याच दिवशी सासूबाई म्हणाल्या, "बघ, निरुपमाने ते काढून टाकलं. मनात खोट होती म्हणूनच ना?"

त्यानंतर मृदुलाने काकूंकडे जाणं सोडलं. डबा वॉचमनच्या हाती पाठवू लागली. काम आहे, असा निरोप सोबत. बाल्कनीत कपडे वाळत घालताना समोरचं उघडं दार दिसायचं, म्हणून तिने दोरी मागच्या बाजूला बांधली. लोकांची सोय करण्यात मुरलेली बाई ती. तिला स्वतःची सोय करणं काय जड?

तेराव्याच्या जेवणाला माणसं हाताच्या बोटांवर मोजण्याएवढी आली. केटररची माणसं श्रीखंडाची भरलेली पातेली तशीच टेम्पोत चढवत होती. मृदुला ते खिडकीच्या पडद्याआडून बघत राहिली, आणि मग तिला ते सोसेना. त्याच रात्री जेवताना तिने सासूबाईंना खरं काय ते सांगितलं. मग ॲपवर, स्वतःच्या नावाने, सगळं लिहिलं. ओळ माझी, नाव काकूंचं, चूक माझी, लपवलीही मीच.

लोक तिच्यावर रागावले असते तर तिला हलकं वाटलं असतं. कोणी रागावलं नाही. "होतं असं, मशीनचं काय धरायचं," म्हणून चिमणाबाईंनी उलट तिचीच समजूत घातली, आणि बायकांची रीघ काकूंच्या जिन्यावर लागली. कोणी फळं नेली, कोणी रडली. वसुंधराबाई तर तासभर काकूंचा हात धरून बसल्या.

मृदुला सगळ्यांत शेवटी गेली. काकूंनी तिला बस म्हटलं. चहा केला, तिच्या पुढ्यात ठेवला. ती माफी मागू लागली तेव्हा त्यांनी तिला अडवलं नाही, पूर्ण बोलू दिलं. काकांचं नाव घेताना मृदुलाला रडू आलं.

"ती ओळ यांना आवडली असती," काकू शेवटी म्हणाल्या. "हसले असते. तिचं मला काही नाही. आणि बायका नाही आल्या, त्या घाबरल्या, तेही समजलं मला. पण तुला तर खरं ठाऊक होतं, मृदुला. जिन्यात पाऊल वाजलं की मला वाटायचं तूच आलीस. तू का नाही आलीस?"

"लाज वाटली, काकू."

"हो ना," काकू म्हणाल्या. "तू आपल्या घरी लाजत बसलीस. मी इथे एकटी होते."