न घासलेला कालथा

आज सकाळी बोंबील परतताना तेलाचा वास नाकात भरला आणि मला आगाशीच्या शाळेतला चौथीचा वर्ग आठवला.

परीक्षेत चित्राखाली वस्तूचं नाव लिहायचं होतं. मी 'कालथा' लिहिलं. नव्या बाईंनी ते लाल शाईनं खोडून 'उलथणं' केलं, कारण पुस्तकात तसं होतं. दुपारच्या सुट्टीत मी घरी पेपर दाखवला, तशी आई चुलीपुढून उठली आणि तडक शाळेत आली. हातात तोच कालथा होता, न घासलेला. तिनं तो बाईंच्या हजेरीपटावर ठेवला.

"बाई, तुमच्याकडे याला उलथनं म्हनत असतील. आमच्याकडे हा कालथा. माज्या सासूनं पन यानंच बोंबील परतले. पोरीनं खोटं नाय लिवलं."

कागदावर तेलाचा डाग पसरत गेला. दाराआड उभी राहून मी आई कधी एकदा जाते याची वाट पाहत होते. बाईंनी गुण दिला, तरी मी दोन दिवस आईशी बोलले नाही.

आता मीच गोखिवऱ्यात शिकवते. काल एका मुलीनं त्याच चित्राखाली 'पलटा' लिहिलं होतं, तिच्या घरी तसंच म्हणतात. मी बरोबरची खूण केली. मुख्याध्यापकांनी आज त्यासाठीच बोलावलंय.

डब्याशेजारी आईचा कालथा पिशवीत ठेवला आहे. घासलेला नाही.