एकोणीसवर मोडलेला पंख

मूर्तिजापूरची दीपमाला वानखडे अमरावतीच्या एका इंजिनिअरिंग कॉलेजात एम.टेक. करत होती. पिकांची पाहणी करणारं बिनपायलटचं विमान कॉलेज बनवत होतं, त्याच्या पंखाचं काम तिच्याकडे होतं. वारा एका ठरावीक वेगापुढे गेला की पंख वाकतो, पिळला जातो, थरथर आपोआप वाढत जाते आणि पंख मोडतो. याला फ्लटर म्हणतात. गणितानं तो वेग सेकंदाला चोवीस मीटर निघाला. पण प्रयोगशाळेतल्या वाऱ्याच्या बोगद्यात, म्हणजे विंड टनेलमध्ये, लावलेला नमुना एकोणीसलाच फडफडला आणि तुटून जाळीवर आदळला. तिनं दुसरा बनवला. तोही एकोणीसलाच गेला.

गाइड राऊत सरांनी विमान उडवायची तारीख आधीच जाहीर केली होती.

"तुझा नमुना कच्चा आहे. प्रयोगाचं प्रकरण काढ आणि प्रबंध दे."

"नाही काढत, सर."

"काहून?"

"तुमी चोवीसच्या भरवशावर विमान उडवसान अन् पंख एकोणीसले तुटन. खाली वावरात मायी माय निंदून राहिली असन."

सरांनी सही केली नाही. बाकीच्यांच्या तोंडी परीक्षा झाल्या, हिची राहिली. आई, चतुराबाई, फोनवर कळवळली, "एक आकडाच तं आहे वं!"

"आकडाच आहे, माय. पन खोटा नाई लिहीत."

तिनं विभागप्रमुख जयवंता मॅडमना गाठलं आणि सर्वांसमोर प्रयोग करायची परवानगी मागितली. तिसरा नमुनाही तिथंच मोडला. राऊत सर पुढे झाले, पंख धरणारी लोखंडी पकड दाबून पाहिली. ती किंचित हलत होती.

"बघा! गणितात पकड पक्की धरलीय, हिची हलते. प्रयोगच चुकला."

दीपमालानंही पकड दाबून पाहिली. मग म्हणाली, "सर, विमानातबी अशीच पकड बसवली आहे."

मॅडम म्हणाल्या, "उड्डाण थांबवा."

पकडीचा लवचिकपणा मोजून दीपमालानं गणित पुन्हा केलं. वेग एकवीस आला. विमानाला नवी पकड बसली. एकवीस आणि एकोणीसमधल्या राहिलेल्या फरकाचं कारण सापडलं नाही, तसं तिनं प्रबंधात सरळ लिहिलं. "हे वाक्य तरी काढ," सर म्हणाले. तिनं नकारार्थी मान हलवली. सरांनी तिच्याकडे न बघता सही केली.

आता ती अकोल्यात शिकवते. सुट्टीत अमरावतीला येऊन तोच बोगदा मागून घेते, कारण तो फरक तिला अजून झोपू देत नाही.