आईचं फ्रेंच

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. पोळी भाजल्याचा वास आला, की लंडनमधल्या हॅरोचं आमचं स्वयंपाकघर आठवतं. शाळेच्या शेवटच्या वर्षाची, ए-लेव्हल फ्रेंचची तोंडी परीक्षा जवळ आलेली, आई पोळ्या लाटताना पुस्तकातले प्रश्न विचारायची, "बोल पटकन, तोंडात पोळी आहे का?" विचारता विचारता तीही शिकली. शाळेत पालकांच्या भेटीची पेरेंट्स इव्हनिंग होती, तेव्हा तिने फ्रेंचच्या बाईंना हौसेने "बाँसुआर, मादाम", म्हणजे शुभ संध्याकाळ, म्हटलं. मागे वर्गातली मुलं हसली. मी घाईघाईने बाईंना फ्रेंचमध्येच सांगितलं, "लक्ष देऊ नका, हिला काही कळत नाही." आई पुढे इंग्रजीतच बोलली. परतताना बसमध्ये एवढंच म्हणाली, "वाक्य अगदी बरोबर होतं हो तुझं." आता पोळ्या मी लाटतो, ती खुर्चीत बसून बघते. तिची माफी मागायची अजून राहिली आहे.