चार वाजून बारा मिनिटं

परराष्ट्र खात्यातल्या मोठ्या साहेबांना वरच्या पट्टीत बोलताना कुणी ऐकलं नव्हतं. त्या दिवशी मात्र भिंतीपलीकडून असं भांडण ऐकू आलं, की चहावाल्या बाईंच्या हातातली गाळणी कपावर तशीच राहिली.

"चोवीस तासांत कुठलं सरकार उत्तर देईल?" हे धाकटे साहेब. पत्रांचे मसुदे तेच लिहायचे. "आठवडा तरी द्या!"

"उत्तर हवंय कुणाला?" मोठे साहेब म्हणाले. "शेजाऱ्यांनी गप्प राहावं एवढंच हवंय. उद्या दुपारी मित्रदेशांचे राजदूत येतील. त्यांना सांगता आलं पाहिजे, आम्ही विचारलं, यांनी दाद दिली नाही, आता आमचा नाइलाज आहे."

"म्हणजे निवेदन आधीच तयार?"

"टाइप होऊन पडलंय. तुम्ही पत्र पाठवा."

बाईंची शाळा दुसरीत सुटलेली. राजकारण काही कळायचं नाही. पण ज्याला भांडायचंच असतं, तो आधी चार शेजारी साक्षीला गोळा करतो आणि मग म्हणतो, बघा हं, मी किती ऐकून घेतलं! एवढं तर नळावर पाणी भरताना कुणालाही कळतं. आणि बाईंचा एकुलता एक मुलगा तेव्हा सीमेवरच्या चौकीत होता. मागच्याच पत्रात त्याने लोकरीचे मोजे मागितले होते. चहा गाळला, पण साखर घातली की नाही ते काही आठवेना.

शेजारी देशाच्या इथल्या वकिलातीत पत्र नेणार होते पोचकाका. नाव त्यांचंही काहीतरी असेल, पण सगळं कार्यालय त्यांना पोचकाका म्हणायचं. कारण पत्र दिलं आणि पोच घेतली नाही असं त्यांच्या हातून तीस वर्षांत झालं नव्हतं. लाल कापडात गुंडाळलेली वही काखेत, बूट आरशासारखे, चाल घड्याळासारखी. त्यांची एक रीत होती. वहीत वेळ ते स्वतः कधी लिहायचे नाहीत. ज्याने पत्र घेतलं त्याने आपल्या भिंतीवरचं घड्याळ बघून आपल्या हाताने लिहायची आणि खाली सही करायची. कुणी नुसतं 'चार' लिहिलं, की काका जागचे हलायचे नाहीत. म्हणायचे, "मिनिटं राहिली." समोरचा वैतागायचा, पण लिहायचा.

पत्र सकाळी दहाला निघायचं होतं. पण दोन साहेबांच्या भांडणात ते टेबलावरच पडून राहिलं आणि निघालं पावणेचारला. तयार निवेदनात मात्र दहाचे दहाच राहिले. ते बदलायचं कुणाच्या डोक्यात आलं नाही.

"काका, जरा लवकर पोचवा हो," बाई जिन्यात म्हणाल्या. त्यापेक्षा जास्त बोलायची हिंमत झाली नाही.

"रस्ता जेवढा आहे तेवढाच वेळ लागणार, ताई," काका म्हणाले आणि नेहमीच्या चालीने गेले.

दुसऱ्या दिवशी दुपारी राजदूत जमले. बाई ट्रे घेऊन फिरत होत्या. मोठ्या साहेबांनी वाचलं, काल सकाळी दहाला पत्र दिलं, चोवीस तास उलटून गेले, उत्तर नाही. सगळ्यांनी गंभीर माना हलवल्या. एवढ्यात कोपऱ्यातल्या एक वयस्कर राजदूतबाई म्हणाल्या, "पोच बघू."

मोठे साहेब हसत बाहेर आले. बाहेर येताच हसू उतरलं. पोचकाका बाकावर वही घेऊन बसलेच होते.

"काका, नवीन पान घ्या आणि दहा लिहा."

"वेळ माझ्या हातची नसते, साहेब. त्यांच्या कारकुनाने लिहिलीय. चार वाजून बारा मिनिटं."

"नोकरी कुणाची करता? त्यांची की आमची?"

"तुमचीच. म्हणून तर वही खरी ठेवली."

बाई ट्रे घेऊन दारातच थांबल्या. तेवढ्यात मागून धाकटे साहेब आले. त्यांनी काकांकडे बघून हात पुढे केला. काकांनी वही दिली, आणि धाकटे साहेब ती उघडीच आत घेऊन गेले.

राजदूतबाईंनी चष्मा लावला, पान वाचलं, घड्याळाकडे बघितलं. "अजून साडेतीन तास आहेत की! थांबू या. चहा आणखी मिळेल का?"

मिळेल का म्हणजे काय! बाईंनी तीन वेळा आधण ठेवलं. साडेतीनला शेजाऱ्यांचं उत्तर आलं, बोलायला तयार आहोत. सगळ्या राजदूतांच्या देखत आलं, त्यामुळे नाइलाज म्हणायची सोय राहिली नाही. पुढे आठ महिने बोलणी चालली. कंटाळवाणी, लांबलचक, देवासारखी बोलणी. नवव्या महिन्यात मुलगा मोज्यांसकट घरी आला.

बाई काकांच्या पाया पडायला गेल्या तर ते दचकून मागे सरले. "अहो ताई, तुमचा मुलगा तिथे आहे हे मला ठाऊकसुद्धा नव्हतं! वही खोटी झाली असती, एवढंच."

"तुम्हाला ठाऊक नव्हतं ना? मला आहे. चहा घ्या."

काकांना नोकरीवरून काढलं नाही, तळघरात बसवलं. महत्त्वाची पत्रं दुसरे नेऊ लागले, काकांकडे आमंत्रणं आणि कॅलेंडरं. मग मोठ्या साहेबांच्या आधी पहिला कप तळघरात जाऊ लागला. बत्तीस पायऱ्या. गुडघे कुरकुरायचे, पण बाईंनी अकरा वर्षं एक दिवस चुकवला नाही. मुलगा आता टकला झालाय, तीन लेकरांचा बाप आहे, आणि आईच्या चहात साखर कमी म्हणून रोज भुणभुण करतो. करू दे बापडा. भुणभुण ऐकायला मिळतेय हे काय थोडं आहे?

काकांच्या नोकरीच्या शेवटच्या दिवशी काम निघालं ते त्याच शेजाऱ्यांच्या दारचं. फुलांच्या प्रदर्शनाचं आमंत्रण. पलीकडचा कारकूनही तोच, केस तेवढे पिकलेले. त्याने भिंतीकडे बघून 'अकरा' लिहिलं आणि वही परत दिली.

काका हलले नाहीत.

"अहो काका, फुलांचं आमंत्रण आहे!"

"मिनिटं राहिली."

कारकुनाने लिहिलं, अकरा वाजून सात. सही केली. काकांनी शाई वाळू दिली, वही लाल कापडात गुंडाळली, आणि नेहमीच्या चालीने परत निघाले. तळघरात टेबलावर कप बशीने झाकून ठेवलेला होता.